गाडीचे इलेक्ट्रिक आरसे मिटत नाहीत, उघडत नाहीत, कुरकुरतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातून ऑटो इलेक्ट्रिकच्या कामाला येणाऱ्या गाड्यांत आरशाची तक्रार ठरलेली असते. पाऊस ओसरला की खानापूर-कणकुंबीकडच्या गाड्या येतात, ऊसतोड सुरू झाली की निपाणी-संकेश्वरकडच्या. त्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. वायरींचे रंग, फ्यूजची जागा, स्क्रू किती आणि कुठे हे गाडीगणिक बदलतं. आतली यंत्रणा मात्र सगळीकडे बरीचशी एकच.

बटण दाबलं तरी आरसा हलत नाही. गाडी थेट गॅरेजला आणू का?

थांबा की जरा. आधी ऐका. इंजिन बंद, इग्निशन चालू, पंखा आणि गाणी बंद, काचा खाली. एकानं आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्यानं बाहेर आरशाच्या बुडाशी कान न्यायचा. निम्मं निदान इथंच होतं.

दोन्ही बाजू गप्प असतील तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक जागी असतो: फ्यूज, बटण किंवा त्यामागचं कंट्रोल. एकच बाजू गप्प असेल तर त्या दाराची वायर किंवा त्या आरशाची मोटर. मोटर घरघरते पण आरसा जागचा हलत नाही, म्हणजे आतला गिअर गेला. नुसता एक ‘टक्’ येऊन शांत होत असेल तर आरसा कशात तरी अडकलाय किंवा आपल्या खाचेतून सुटलाय. आवाज न ऐकताच ‘अख्खा आरसा बदला’ म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

आणि हो, काही गाड्यांत ठराविक वेगाच्या पुढे हे बटण मुद्दाम चालत नाही. तो बिघाड नव्हे.

आरशाच्या आत असतं तरी काय?

दाराला पक्का बसलेला एक खुंटा, त्याभोवती फिरणारं आरशाचं डोकं, आणि त्या डोक्यात १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर. मोटर फिरते भरभर, पण तिच्यात जोर कमी. म्हणून वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आणि दातेरी चाकं लावून वेग उतरवतात, जोर वाढवतात. ही चाकं बहुतेक वेळा प्लास्टिकची असतात. खुंट्यावरची जाड स्प्रिंग एका दातेरी क्लचला दाबून धरते. बाहेरून धक्का बसला तर गिअर तुटण्याआधी हा क्लच घसरावा, अशी ती योजना.

मिटण्या-उघडण्याच्या मोटरीला दोनच वायरी पुरतात. एका दिशेनं करंट दिला की आरसा मिटतो, प्लस-मायनस उलटं झालं की उघडतो. टोकाला पोचल्यावर मोटर अडते, करंट वाढतो, आणि ती वाढ ओळखून सर्किट पुरवठा तोडतं. काही गाड्यांत ठराविक सेकंदांनी तोडलं जातं. आरशाची काच वर-खाली आणि डावी-उजवी करणाऱ्या मोटरी वेगळ्या असतात, त्यामुळे काच हलते पण आरसा मिटत नाही यात नवल काही नाही.

दोन्ही आरसे एकदम बंद पडले. आता?

गाडीच्या पुस्तिकेत फ्यूजचा तक्ता असतो. त्यात आरशाचा फ्यूज शोधा, काढून उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. ७.५ चा असेल तर ७.५ चाच, १५ चा घातला की आरसा चालेल, पण पुढे फ्यूजऐवजी वायर जळेल. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून घातलेले फ्यूज अजूनही बघायला मिळतात. हा प्रकार करू नका. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि आणखी फ्यूज घालून तो सापडणार नाही.

फ्यूज बरा असेल तर संशय बटणावर. ड्रायव्हरच्या दारावरचं पॅनेल काच उघडी राहिली की पावसात थेट भिजतं. वर पुसून कोरडं दिसतं, पण पाणी आत जाऊन तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर धरतो. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवून पॅनेल काढायचं, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारायचा, पूर्ण वाळू द्यायचं. थर पट्टी खाऊन गेला असेल तर बटण बदलणंच बरं.

बॅटरी नुकतीच बदलली असेल तर सेटिंगचा मेनूही बघा. काही गाड्यांत बॅटरी सोडवल्यावर आरशाची सेटिंग पुन्हा लावावी लागते. आणि मुलं गाडीत बसून बटणाशी खेळत होती का, हे विचारा. लागोपाठ खूप वेळा मिटवलं-उघडलं की मोटर गरम होऊन बंद पडते, थोड्या वेळानं आपोआप चालू होते.

फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा बंद आहे, आणि तोही कधी चालतो, कधी नाही.

‘कधी कधी’ म्हटलं की आधी दार आणि बॉडी यांच्या मधला रबरी पाइप बघायचा. बिजागरांच्या मध्ये जी नागमोडी रबरी नळी दिसते, तिच्यातून त्या दाराच्या सगळ्या वायरी जातात. दार उघडलं-झाकलं की वायरी तिथं वाकतात. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं, म्हणून तिथल्या वायरी आधी तुटतात. वरचं कव्हर शाबूत असतं आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही.

तपासायची रीत सोपी. एकानं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं दार हळूहळू उघडत-मिटत जायचं. एखाद्या कोनात आरसा अचानक हलला तर दोष सापडला. त्याच दाराचा स्पीकर, काच किंवा सेंट्रल लॉकही अधूनमधून दगा देत असेल तर शंकाच नको.

दुरुस्ती मात्र नीट हवी. दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळली तर तो जोड एक पावसाळाही काढत नाही. वायर जिथं वाकते तिथं जोड येऊच द्यायचा नाही. दोन्हीकडून थोडी मागं कापून, त्याच जाडीची बारीक तारांची लवचिक वायर मध्ये घालायची, सोल्डर करायचं, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवायची. दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक दाराच्या आत आणि एक बॉडीच्या आत. एक वायर तुटली असेल तर शेजारच्याही त्याच वयाच्या असतात. त्याच बैठकीत त्या बघून घ्या. हे काम वेळखाऊ आहे, मजुरी त्याचीच असते. सामान फार लागत नाही.

मोटरीचा आवाज येतो, पण आरसा हलत नाही.

गिअरचे दाते झिजले किंवा चाक फुटलं. असा आरसा हातानं हलवला तर बऱ्याचदा ढिला लागतो. बाजारात गिअरची सुटी चाकं मिळतात, पण दात्यांची संख्या, व्यास, जाडी तिन्ही जुळावी लागतात. शिवाय ते घालायला मोटरीचं घर उघडावं लागतं आणि ती जाड स्प्रिंग दाबून बसवावी लागते. ती सुटून डोळ्याला लागू शकते. घरी हे करू नका, असंच मी सांगेन. मोटर-गिअरचा सबंध संच मिळत असेल तर तो घ्या.

उसाच्या ट्रॉलीनं आरशाला धक्का दिला. फुटला नाही, पण आता ढिला झालाय आणि नीट उघडत नाही.

हंगामात निपाणी-चिकोडी पट्ट्यात हे रोजचं आहे. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशा धक्क्यानं क्लच घसरतो, म्हणजे यंत्रणेनं आपलं काम चोख केलेलं असतं. पण आता मोटरीच्या हिशेबानं आरसा एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच जागी असतो.

उपाय म्हणजे बटणानं आरसा पूर्ण मिटवायचा आणि मग पूर्ण उघडायचा. मध्ये एक मोठा ‘खट्’ येईल, घाबरू नका. क्लच आपल्या खाचेत बसल्याचा तो आवाज. एकदा नाही जमलं तर पुन्हा करा. आरसा पुढच्या बाजूला, बॉनेटकडे वळला असेल तर आधी हातानं हळूच उघड्या जागेपर्यंत मागं आणा, मग बटण वापरा. एवढं करूनही डुगडुगत असेल तर आतला खुंटा किंवा क्लचचे दाते तुटलेत.

हातानं मिटवला तर काय बिघडतं?

एखाद्या वेळेस काही नाही. रोजची सवय झाली तर क्लचचे दाते झिजतात आणि आरसा वाऱ्यानं थरथरायला लागतो. तुम्ही स्वतः काळजी घेता, पण खडेबाजार किंवा गणपत गल्लीत गाडी लावली की येणारा-जाणारा हात लावून आरसा मिटवून जातोच. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जत्रेच्या गर्दीत तर विचारूच नका. अशा ठिकाणी उतरण्याआधी स्वतःच बटणानं मिटवून ठेवा.

पावसात बंद पडतो, दोन दिवस ऊन पडलं की चालतो.

पाणी कुठंतरी जोडापर्यंत पोचतंय. परदेशी व्हिडिओंत आरसा बर्फानं गोठल्याचं दाखवतात. चोर्ला घाटातून रोज ये-जा करणाऱ्याला बर्फाची चिंता नाही, त्याच्या आरशात तांबडा चिखल जातो. पावसाच्या पाण्याबरोबर बारीक माती खुंट्याच्या फटीत उतरते, वाळली की घट्ट बसते. अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात पाणी नाही तर धूळ तेच काम करते. अडकलेला आरसा मोटर ढकलत राहते आणि शेवटी प्लास्टिकचे दाते जातात. म्हणजे बिघाड मातीचा, बिल गिअरचं.

फटीत साधं पाणी नळीनं, कमी जोरात सोडून माती भिजवा आणि मऊ ब्रशनं काढा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची बंदूक त्या फटीत रोखून मारू देऊ नका, ती माती आणखी आत ढकलते आणि मोटरीच्या सीलमधून पाणी घालते. नंतर वाळलेल्या आरशाचा कनेक्टर उघडून बघा. पिना हिरव्या-पांढऱ्या दिसल्या तर क्लीनर मारा, आणि बसवताना डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं ग्रीस) थोडं लावा.

आधी कधी दाराचं काम झालं असेल तर आणखी एक जागा बघायची राहते. दाराच्या आतल्या पॅनेलमागं प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. काच-मोटरीचं काम करताना तो फाडतात आणि परत नीट चिकटवत नाहीत. मग काचेवरून उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर न जाता आतल्या वायरींवर आणि गालिच्यावर येतं. काम झाल्यावर ‘पडदा चिकटवला का?’ एवढं विचारायला लाजू नका.

उघडताना कुरकुर वाजतो. तेल घालू का?

इंजिन ऑइल नको, खोबरेल तर मुळीच नको. दोन्ही धूळ धरून ठेवतात. डब्ल्यूडी-फोर्टीसारखा स्प्रे मारला की आवाज लगेच थांबतो म्हणून लोक खूश होतात, पण आत असलेलं ग्रीस त्यानं धुवून निघतं आणि काही दिवसांनी आवाज दुपटीनं येतो. आधी फट साफ करा, वाळू द्या, मग प्लास्टिकला चालणारा सिलिकॉन स्प्रे बारीक नळीनं थोडासा मारा, आणि आरसा दोन-तीनदा बटणानं मिटवा-उघडा. काचेवर उडालेला लगेच पुसा.

काच काढून आत बघायचं आहे. घरी जमेल?

जमेल, घाई केली नाही तर. काच एका प्लास्टिकच्या पाटीवर चिकटवलेली असते आणि ती पाटी क्लिपांनी मोटरीवर बसवलेली. आतली बाजू दाबून काच एका अंगाला पूर्ण वळवा, म्हणजे बाहेरच्या कडेला बोटं जाण्याइतकी फट पडते. तिथून प्लास्टिकच्या पट्टीनं सावकाश उचकायची. हातमोजे आणि चष्मा घालाच. हिवाळ्याच्या सकाळी बेळगावच्या गारठ्यात प्लास्टिक कडक असतं, क्लिपा पटकन तुटतात. दुपारपर्यंत गाडी उन्हात ठेवा. काच गरम करणारे आरसे असतील तर मागं दोन वायरी असतात, काच ओढून त्या तोडू नका.

काच निघाली तरी मिटवायची मोटर बऱ्याच गाड्यांत समोर दिसत नाही, तिच्यासाठी अख्खा आरसा दारावरून उतरवावा लागतो. दाराच्या कोपऱ्यातलं तिकोनी कव्हर काढलं की त्यामागं नट असतात. शेवटचा नट सोडताना आरसा दुसऱ्या हातानं धरा, नाहीतर तो वायरीला लटकतो. ज्या गाड्यांना साइड एअरबॅग आहेत त्यांच्या दारात काही वेळा सेन्सर असतो. दाराचं पॅनेल उघडायचं झालं तर बॅटरी सोडवूनच, आणि माहीत नसलेल्या कनेक्टरला हात न लावता.

मोटर गेली की वायर, हे खात्रीनं कसं कळेल?

आरशाचा कनेक्टर सोडवा, मिटवायच्या दोन वायरींवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा आणि बटण दाबा. १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि उलट बटण दाबल्यावर त्याच्यापुढं उणे चिन्ह आलं, तर वीज पोचतेय, दोष आरशात आहे. आकडाच आला नाही तर मागं जा: नळी, बटण, फ्यूज. आकडा येतो पण आरसा जोडल्यावर एकदम खाली पडतो, तर एखादी वायर एका-दोन तारांवर तगून आहे. काही गाड्यांत वीज क्षणभरच येते, म्हणून मीटरवर नजर ठेवूनच बटण दाबायचं.

मोटरला थेट बॅटरीची वीज देऊन बघणारेही असतात. तसं करायचंच तर मध्ये छोटा फ्यूज घाला आणि क्षणभरच द्या, कारण थेट जोडल्यावर टोकाला थांबवणारं सर्किट मध्ये नसू शकतं.

पूर्ण आरसा बदलायचा की फक्त मोटर?

बाहेरचं घर आणि खुंटा शाबूत असेल तर फक्त मोटर. कंपनीच्या शोरूममध्ये बऱ्याचदा अख्खा आरसाच मिळतो, सुटी मोटर नाही. बेळगावात नाही मिळाली तर कोल्हापूर किंवा हुबळीच्या स्पेअर पार्ट बाजारात चौकशी करा. घेताना जुना भाग हातात असू द्या. डावा-उजवा वेगळा असतो, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरिएंटच्या कनेक्टरमध्ये पिनांची संख्या वेगळी असते: इंडिकेटर, कॅमेरा, काच गरम करायची सोय यांवरून ती ठरते. रंगीत कव्हर बहुतेक गाड्यांत वेगळं निघतं, जुनंच नव्यावर बसतं.

जुन्या बाजारातला आरसा घेतला तर मिटवून-उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि स्वस्त मिळते म्हणून बाहेरगोल काचेच्या जागी सपाट काच बसवून घेऊ नका. बाहेरगोल काचेत वस्तू लांब दिसते, पण जास्त रस्ता दिसतो. त्याची सवय झालेल्या माणसाला हायवेवर सपाट काच घातकच.

लॉक केल्यावर आपोआप मिटायचं किट बाहेरून बसवू का?

गाडीला मुळात इलेक्ट्रिक फोल्डिंग असेल आणि किट तुमच्याच मॉडेलच्या कनेक्टरमध्ये बसणारं असेल तर हरकत नाही. वायरी कापून, सोलून बसवायचं किट असेल तर नको. वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच, शिवाय हलक्या किटमुळे गाडी उभी असतानाही बॅटरी उतरत राहते. आधी मेनू बघा. ही सोय काही गाड्यांत असूनही बंद करून ठेवलेली असते.

हायवेवर आरसा वाऱ्यानं आपोआप मिटतोय.

बाजूला घ्या आणि थांबा. स्प्रिंग किंवा क्लच गेलाय. बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर डावा-उजवा न बघता लेन बदलणं म्हणजे जिवाशी खेळ. आरसा उघड्या जागी आणून रुंद, चिवट टेपनं दाराच्या कोपऱ्याला पक्का बांधा आणि बटणाला हात न लावता हळू गॅरेजपर्यंत या. दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलायची नाही.

एक पक्षी रोज येऊन आरशावर चोच मारतो. मोटरीला धोका आहे का?

मोटरीला नाही, काचेला आणि गाडीच्या रंगाला आहे. विणीच्या दिवसांत बुलबुल, चिमणी वगैरे स्वतःच्या प्रतिबिंबाला परका नर समजून भांडतात. आरसे मिटवून ठेवा, तरी आला तर कापडी पिशवी घाला. त्याहून त्रासदायक कुंभारीण माशी. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ती फटीत मातीचं घर बांधते. गावाकडची गाडी महिनाभरानं बाहेर काढताना बटण दाबण्याआधी फटीत डोकावून बघा.

विम्यातून मिळेल का?

अपघातात, धक्क्यानं फुटला असेल आणि विमा सर्वसमावेशक असेल तर मिळतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. झीज होऊन मोटर गेली तर कुठल्याच साध्या पॉलिसीत बसत नाही. प्लास्टिकच्या भागांवर नेहमीच्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, काचेवर नाही; झिरो डेप्रिसिएशन घेतलं असेल तर तो कापला जात नाही. क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब मांडा. तो पहिल्या क्लेमविना वर्षाला २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० पर्यंत चढतो. एका आरशासाठी ५० टक्क्यांवर पाणी सोडणं बहुतेकांना परवडत नाही.

गॅरेजला येताना काय आणू?

दोन्ही चाव्या, गाडीची पुस्तिका, आणि बिघाड होतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, आवाजासकट. गॅरेजच्या दारात आल्यावर आरसा हमखास नीट चालतो, म्हणून व्हिडिओ. आधी कुणी खोललं असेल, बाहेरचं किट किंवा स्पीकर बसवला असेल तर ते सांगा. लपवलं तर शोधायचा वेळ तुमच्याच बिलात लागतो. आणि आरसा मिटून अडकला असेल तर गाडी हाकत आणू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.